स्मृतिभ्रंशाचे निदान, फॅमिली डॉक्टर आणि आपण

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. घरातील वडीलधारे माणूस चष्मा कोठे ठेवला ते विसरले, एका नातवाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारली, की ती सहज तोंडून निघते आणि सारे हसतात. ज्या समाजाने पोथ्यांतील वचनेदेखील बुद्धीच्या कसोटीवर घासून घेतली, त्या समाजाने या म्हणीची परीक्षा मात्र अद्याप घेतलेली नाही. साठी उलटली म्हणजे बुद्धी जाते, हे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने सर्वस्वी असत्य आहे. उतारवयात एखादे नाव आठवण्यास वेळ लागणे निराळे आणि आयुष्यभर हातांनी केलेली भाकरी कशी करावी हेच न सुचणे निराळे. या दुसऱ्या प्रकाराला स्मृतिभ्रंश म्हणतात. इंग्रजीतील डिमेन्शिया तो हाच. तो वयाचा धर्म नसून मेंदूचा आजार आहे. या आजाराची पहिली तपासणी मोठ्या रुग्णालयात होत नाही. आपल्या गल्लीच्या टोकाशी असलेल्या सर्जरीत, फॅमिली डॉक्टरांच्या दहा मिनिटांच्या भेटीत होते, किंवा होता होता राहून जाते.

ही गोष्ट मी वैद्य म्हणून लिहीत नाही. मी व्यवसायाने अभियंता आहे. परंतु माझ्या आईच्या आजाराचे निदान होण्यास तीन वर्षांचा विलंब झाला, आणि त्या विलंबातील मोठा वाटा माझा स्वतःचा आहे, हे मला येथे मोकळेपणाने नमूद केले पाहिजे.

आई उमरेड तालुक्यातील एका खेड्यातली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरास धम्मदीक्षा दिली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि आपल्या वडिलांबरोबर पायी व बैलगाडीने तेथे गेली होती. शाळा दुसऱ्या इयत्तेपर्यंत. पुढे लग्न झाल्यावर तिने विड्या वळून आम्हा चार भावंडांना शिकविले. २००९ साली वडील वारल्यानंतर ती आमच्याकडे साउथहॅम्प्टनला आली. पोर्ट्सवुडमधील आमच्या घरापासून सेंट मेरीज भागातील भारतीय दुकानांपर्यंत ती एकटी बसने जाई, भाव करून भाजी आणी आणि इंग्रजीचा एक शब्द न येता दुकानदाराला चूक हिशेब दाखवून देई. हिशेबात तिचा हात धरणारा आमच्या घरात कोणी नव्हता.

२०१५ च्या सुमारास हा हिशेब बिघडू लागला. परत आलेली मोड ती न मोजताच पिशवीत टाकू लागली. पाटवड्यांत मीठ दोनदा पडू लागले. नंतर एके दिवशी ती नेहमीच्या वाटेने फिरावयास गेली आणि साउथहॅम्प्टन कॉमनच्या दुसऱ्या टोकाला एका बाकावर बसलेली आढळली. माझी पत्नी तेव्हापासून मला सांगत होती की, “आईंचे काहीतरी बिनसले आहे, डॉक्टरांना दाखवा.” मी ऐकले नाही, कारण माझ्याजवळ एक भक्कम पुरावा होता: आई रोज सकाळी त्रिशरण-पंचशील एकाही अक्षराची चूक न करता म्हणत असे, आणि दीक्षाभूमीवरील त्या दिवसाचे वर्णन तर असे करी की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहावा. ज्या बाईला साठ वर्षांपूर्वीचा दिवस असा आठवतो, तिची स्मृती गेली असे कोण म्हणेल? पुढे कळले की या आजारात, विशेषतः अल्झायमर या त्याच्या सर्वांत आढळणाऱ्या प्रकारात, नवी आठवण प्रथम जाते. जुनी आणि हजारदा घोटलेली आठवण बरीच उशिरापर्यंत टिकते. मी ज्याला आरोग्याचा पुरावा समजत होतो, तो कशाचाच पुरावा नव्हता.

अखेर सर्जरीत गेलो तेव्हा दुभाष्या म्हणून मीच बसलो. डॉक्टरांनी विचारले, “आज कोणता वार आहे?” आईने मराठीत उत्तर दिले, “पौर्णिमा झाली ना परवा.” मी डॉक्टरांना वार सांगून टाकला. त्यांनी विचारले, “स्वयंपाक स्वतः करतात का?” आई गप्प राहिली. मी म्हणालो, “होय, उत्तम करतात.” माझ्या मनात खोटे बोलण्याचा हेतू नव्हता. आपल्या आईची परक्यांसमोर शोभा होऊ नये, एवढेच मला वाटत होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि वयोमानाप्रमाणे असे होतेच, असे सांगून आम्हाला निरोप दिला. त्या डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, आणि काही अंशी तो द्यावाही लागेल, कारण त्यांनी दुभाषी मागविला नाही. परंतु त्यांच्यापुढे जी साक्ष आली, ती मीच बिघडविलेली होती.

वास्तविक फॅमिली डॉक्टरचे या बाबतीतील कार्य काय, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. स्मृतिभ्रंश रक्ताच्या एका तपासणीने ठरवून टाकावा अशी सोय सर्जरीत नाही. डॉक्टर प्रथम रुग्णाची आणि त्याला जवळून ओळखणाऱ्या माणसाची हकीकत ऐकतात, एक छोटी बौद्धिक चाचणी घेतात आणि मग विसरण्याची दुसरी काही कारणे आहेत का ते शोधतात. थायरॉईडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खिन्नता, ऐकू न येणे, लघवीतील जंतुसंसर्गामुळे आलेला तात्पुरता भ्रम, काही औषधांचा दुष्परिणाम या साऱ्यांमुळे माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो, आणि यांतील बहुतेकांवर उपाय आहे. आपल्या वडीलधाऱ्यांत मधुमेह किती आहे हे सांगावयास नको. त्यासाठी वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनने शरीरातील बी-१२ कमी होऊ शकते, आणि साध्या रक्ततपासणीत ते कळते. म्हणजे ‘आता वय झाले’ म्हणून घरी बसविलेल्या एखाद्या आजीला केवळ इंजेक्शनांची गरज असण्याची शक्यता असते. ही कारणे बाजूला सारल्यानंतर संशय उरला, तर डॉक्टर मेमरी क्लिनिककडे पाठवितात आणि तेथील तज्ज्ञ आजाराचा प्रकार ठरवितात. या देशात वृद्धांची सरसकट चाचणी घेण्याची पद्धत नाही. राष्ट्रीय तपासणी समितीने ती योग्य मानलेली नाही. म्हणून कोणीतरी तोंड उघडल्यावाचून हे चक्र सुरूच होत नाही.

आता त्या चाचणीविषयी. सर्जरीत पुष्कळदा वापरली जाणारी एक चाचणी ‘सिक्स-सी.आय.टी.’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात वर्ष आणि महिना विचारतात, विसापासून एकापर्यंत उलटे मोजावयास आणि महिने उलट्या क्रमाने म्हणावयास सांगतात, आणि एक पत्ता लक्षात ठेवावयास देतात: जॉन स्मिथ, ४२ हाय स्ट्रीट, बेडफर्ड. अठ्ठावीसपैकी आठ किंवा त्याहून अधिक गुण चुकांचे पडले, तर पुढे तपासावे. दुसऱ्या खेपेस आईला ही चाचणी दिली तेव्हा तिने मला विचारले, “कोन हाय रे हा जॉन स्मिथ? आपल्या गावाकडचा हाय का?” मला हसू आले, आणि नंतर विषाद वाटला. ज्या बाईने जन्मात हाय स्ट्रीट पाहिला तो सत्तरीच्या उंबरठ्यावर, जिचे महिने चैत्र-वैशाखाचे, जिला शाळेने दोन वर्षांत बाहेर काढले, तिची स्मृती मोजावयास हे माप! तिला विड्यांच्या कट्ट्यांचा हिशेब विचारला असता, तर तिची बुद्धी केव्हा आणि किती ढळली, हे पाच मिनिटांत कळले असते.

ही केवळ माझी तक्रार नाही. विद्वानांनीही ती फार पूर्वी ओळखली आहे. हरियाणातील वल्लभगढच्या खेड्यांतून वृद्धांचा अभ्यास करताना १९९५ मध्ये संशोधकांनी जगभर रूढ असलेल्या चाचणीचे हिंदी रूप मुद्दाम निरक्षरांसाठी सिद्ध केले. शंभरातून सात-सात वजा करण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणावयास सांगितले. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगा असे म्हटले. कागदावरील ‘डोळे मिटा’ ही सूचना वाचण्याऐवजी माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा, असे सुचविले. २००४ साली ऑस्ट्रेलियात ‘रूडास’ नावाची चाचणी निरनिराळ्या भाषांच्या व संस्कृतींच्या स्थलांतरितांना विचारात घेऊन प्रसिद्ध झाली. तिच्यात चहा, तेल, अंडी, साबण अशी वाणसामानाची यादी लक्षात ठेवावयाची असते आणि रहदारीचा रस्ता सुरक्षितपणे कसा ओलांडाल हे सांगावयाचे असते. या साधनांची नावे आपण स्वतः डॉक्टरांपुढे घ्यावीत, यात संकोच कसला? ‘नाईस’ या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेतही स्पष्ट म्हटले आहे की, चाचणीत गुण चांगले मिळाले एवढ्यावरून स्मृतिभ्रंश नाही असे ठरवू नये. याची दुसरी बाजू मी जोडतो: गुण वाईट मिळाले एवढ्यावरून निरक्षर माणसाला स्मृतिभ्रष्ट ठरवू नये. एकेकाळी ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांना त्याच अक्षराच्या मापाने म्हातारपणी वेडे ठरविणे हा अन्याय दुहेरी आहे. आणि कमी शिक्षण हे या आजाराचा धोका वाढविणाऱ्या कारणांपैकी एक आहे, असे ‘लॅन्सेट’च्या आयोगाने वारंवार मांडले आहे. २०२४ च्या त्याच्या अहवालात बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, एकाकीपणा, धूम्रपान इत्यादी १४ कारणे असून ती सारी दूर करता आली, तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल, असे अनुमान आहे. म्हणजे आपल्या मागच्या पिढीला हा आजार होण्याचा संभव अधिक, आणि ओळखला जाण्याचा संभव कमी.

सरकारने काही केले नाही असे नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये इंग्लंडची राष्ट्रीय डिमेन्शिया योजना जाहीर झाली, आणि पुढे अपेक्षित रुग्णांपैकी निदान दोनतृतीयांशांची नोंद सर्जरीच्या दप्तरी असावी असे उद्दिष्ट ठरले. ते काही काळ गाठलेही गेले. कोविडच्या साथीत आकडा घसरला आणि २०२५ मध्येही तो सुमारे ६५ टक्क्यांवर, म्हणजे उद्दिष्टाच्या किंचित खाली होता. २०१४ च्या अखेरीस तर डॉक्टरांना दर नव्या निदानामागे ५५ पौंड देण्याची योजना निघाली. तिच्यावर गदारोळ झाला. रुग्णाच्या डोक्यावर बक्षीस लावले अशी टीका झाली आणि मार्च २०१५ च्या अखेरीस ती बंद पडली. माझे मत थोडे निराळे आहे. डॉक्टरांच्या वेळेला मोल असावे, यात मला गैर दिसत नाही. पैसे नाव लिहिण्याचे दिले आणि नाव लिहिल्यानंतर त्या कुटुंबाचे काय, याचे दिले नाहीत, हा तिचा खरा दोष होता.

याच्या उलट एक प्रयत्न आपल्याच हॅम्पशायरमध्ये झाला. बेसिंगस्टोकजवळच्या ओकली आणि ओव्हरटन येथील सर्जरीत ‘आय-स्पेस’ या नावाची पद्धत आकारास आली आणि वेसेक्स भागात पसरली. सर्जरीतील एका व्यक्तीवर या विषयाची जबाबदारी सोपवावी, रिसेप्शनिस्टपासून नर्सपर्यंत सर्वांना शिकवावे, काळजी घेणाऱ्या नातलगाला सहकारी मानावे, लवकर ओळखावे, पुढील देखभालीचा आराखडा करावा आणि सर्जरीतील पाट्या-दारेदेखील गोंधळलेल्या माणसाला सोयीची करावीत, असे तिचे स्वरूप आहे. यात डॉक्टर एकटा नाही, हे मला विशेष वाटते. आईच्या बाबतीत पहिली शंका डॉक्टरांना नव्हे, मधुमेहाच्या तपासणीला बोलावणाऱ्या नर्सबाईंना आली. एकाच आठवड्यात आई तीनदा भेटीची वेळ चुकली आणि चौथ्यांदा सकाळऐवजी संध्याकाळी आली, हे त्यांनी ध्यानात ठेवले. त्यांनीच दुभाषी मागवून दुप्पट वेळेची भेट ठरविली, आणि मला नम्रपणे बाहेर बसावयास सांगितले. मला राग आला होता. आज त्या बाईंचे ऋण मी मानतो. २०१८ मध्ये निदान झाले.

आपले साउथहॅम्प्टन या विषयात मागे नाही, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे. शहराच्या पूर्वेस वेस्ट एन्ड येथील मूरग्रीन रुग्णालयात स्मृती-तपासणी व संशोधन केंद्राने अनेक वर्षे काम केले. २००० साली सुरू झालेल्या अल्झायमरवरील लसीच्या प्रयोगात भाग घेतलेल्या ब्रिटनमधील ८० रुग्णांचा पुढे मागोवा घेऊन प्राध्यापक क्लाइव्ह होम्स आणि त्यांच्या येथील सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंपैकी काहींतील अमायलॉईडचे थर जवळजवळ नाहीसे झाले होते, तरीही त्या रुग्णांचा आजार अखेरपर्यंत वाढतच गेला होता. थर पुसले, पण गेलेले परत आले नाही. त्यानंतरच्या वर्षी याच संशोधकांनी दाखविले की शरीरात अन्यत्र जंतुसंसर्ग झाला, तर अशा रुग्णांची स्मृती अधिक वेगाने ढासळते. म्हणून म्हाताऱ्या माणसाला ताप आला, लघवीला जळजळ झाली आणि ते एकाएकी बरळू लागले, तर ‘चळ लागला’ म्हणून सोडून न देता त्याच दिवशी सर्जरीत फोन करावा.

आमचे काही बांधव विचारतात की, औषधाने हा आजार बरा होत नाही, मग नाव कळून लाभ काय? डोनेपेझिलसारखी औषधे, जी या देशात १९९७ पासून उपलब्ध आहेत, आजार थांबवीत नाहीत, काही काळ काहींना सावरतात. हे खरे आहे. पण नाव कळण्यावर औषधाखेरीज बरेच अवलंबून असते. आपल्याला स्वतः निर्णय घेता येईनासे झाल्यास आपले पैसे व उपचार यांचे निर्णय कोणी घ्यावेत याचे ‘लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी’ हे कागदपत्र, माणसाला समज असेपर्यंतच करता येते. समज गेल्यावर मुलाला बँकेच्या दारात उभे राहून न्यायालयाची वाट धरावी लागते. अटेंडन्स अलाउन्स, कौन्सिल टॅक्समधील सूट, काळजी घेणाऱ्याच्या गरजांची कौन्सिलकडून तपासणी, यांचा मार्ग निदानाने सुकर होतो. व्हिसाच्या अटीनुसार यांतील काही गोष्टी आपल्या सर्वच पालकांना मिळत नाहीत, हे आधी पाहून घ्यावे. गाडी चालविणाऱ्याने तर निदान परवाना-कार्यालयास कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. आईच्या वेळी आम्ही उशीर केला. नागपूरकडील घराच्या हिश्शाविषयी तिची इच्छा काय, हे तिला विचारावयाचे राहून गेले, आणि भावंडांत जे बोलणे व्हावयास नको होते ते झाले.

मग आपण लपवितो का? २०१३ मध्ये संसदेच्या सर्वपक्षीय गटाने कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर अल्पसंख्य समाजांवर एक स्वतंत्र अहवाल काढला. इंग्लंड व वेल्समध्ये या समाजांतील सुमारे २५,००० लोकांना स्मृतिभ्रंश असावा आणि २०५१ पर्यंत ही संख्या १,७२,००० च्या जवळ जाईल, असा त्यात अंदाज होता. लज्जा, घरची गोष्ट घरात ठेवण्याची वृत्ती, आणि आजाराला शाप किंवा बाहेरची बाधा मानणे, या गोष्टी निदानाच्या आड येतात, हेही त्यात नोंदले आहे. २०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी दाखविले की या देशातील दक्षिण आशियाई रुग्ण गौरवर्णीय रुग्णांपेक्षा सुमारे तीन वर्षे कमी वयात मृत्यू पावतात. आपण बौद्ध आहोत, पूर्वजन्मीचे पाप भोगावयास आले असे मानणे आपण सोडले, असे व्यासपीठावरून सांगतो. घरात मात्र आईच्या वागण्याबद्दल शेजाऱ्यांना कळू नये म्हणून तिला विहारातील कार्यक्रमालाही नेईनासे होतो. मी नेईनासा झालो होतो. आणि या लपविण्याचे ओझे कोण वाहते? घरची सून. नोकरी सांभाळून सासूला न्हाऊमाखू घालणारी, रात्री तिच्या मागे दारापर्यंत धावणारी सून. पहिली लक्षणे तिच्याच दृष्टीस पडतात, आणि डॉक्टरांपुढे मात्र बोलावयास मुलगा बसतो. माझ्या पत्नीला त्या पहिल्या भेटीत मी बरोबर नेले असते, तर तीन वर्षे वाचली असती, याविषयी मला शंका नाही.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. आपल्या घरी कोणाविषयी अशी शंका असेल, तर जो माणूस दिवसभर त्यांच्याजवळ असतो त्याने, मग ती सून असो वा नात, महिनाभर रोजच्या घटना तारखेसह वहीत लिहाव्यात आणि ती वही डॉक्टरांच्या हाती द्यावी. भेट मागताना दुप्पट वेळ आणि दुभाषी ही दोन्ही मागावीत, दुभाषी एन.एच.एस. देते, त्याचे पैसे पडत नाहीत. दहा वर्षांच्या नातवाला आजीच्या तोंडची भाषा करावयास बसवू नये. आणि दुभाषी मराठीचाच मागावा. आईसाठी प्रथम हिंदीचा आला होता, आणि ‘मले’ व ‘कायले’ ऐकून तो बिचारा आमच्याच तोंडाकडे पाहू लागला.

आई २०२३ मध्ये गेली. शेवटच्या वर्षी तिला माझे नाव आठवत नसे. मला ती आपला थोरला भाऊ समजे आणि नागपूरला बैलगाडी केव्हा निघणार, असे विचारी. तिच्या पश्चात मी आमच्या सर्जरीच्या रुग्ण-प्रतिनिधी मंडळात काम करू लागलो. नोंदणीच्या अर्जात भाषेच्या रकान्यासमोर आपल्या लोकांच्या नावापुढे कोणीतरी ‘हिंदी’ किंवा नुसते ‘इंडियन’ लिहिलेले असे. गेल्या वर्षी आम्ही दोन शनिवार बसून आमच्या ओळखीच्या कुटुंबांना त्या नोंदी दुरुस्त करून घेण्यास मदत केली. या आजारात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते, असे डॉक्टर सांगतात. मी येथे तीस वर्षे इंग्रजीत काम केले, तरी माझ्या स्वतःच्या नोंदीत त्या रकान्यात मी आता ‘मराठी’ असे लिहवून घेतले आहे.